डिजिटल वर्गानं नेमकं काय साधलं? शिक्षकानं स्वतः तपासायची रीत

शाळेत संगणक किती, इंटरनेट आहे का, याची उत्तरं आपण दरवर्षी यू-डायसच्या, म्हणजे शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी फॉर्मवर भरतो. त्या संगणकावर बसून सहावीतल्या मुलीला अपूर्णांक कळले का, यासाठी त्या फॉर्मवर रकाना नाही. वर बसलेल्यांचे निर्णय पहिल्या माहितीवर होतात, कारण त्यांच्या टेबलावर तेवढीच पोचते. दुसरी माहिती असते ती वर्गात उभ्या असलेल्या माणसाकडे. ती लिहून वर पाठवायची कशी, हे मला सांगायचं आहे.

मी घणसोली-रबाळे पट्ट्यातल्या एका शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. आमच्याकडची बरीच मुलं एमआयडीसीत, नाक्यावर किंवा एपीएमसीत राबणाऱ्या घरांतली. शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत ई-लर्निंगवर कृतिसंशोधनाचा, म्हणजे शिक्षकानं स्वतःच्या वर्गात करायच्या संशोधनाचा विषय निघाला की सहकाऱ्यांना बी.एड.ला केलेली फाईल आठवते: उद्दिष्टं, गृहीतके, निष्कर्ष, बाइंडिंग, आणि मग कपाट. तसलं काही इथे नको. ज्यावर कुणाला तरी निर्णय घ्यावा लागेल असं दोन पानांचं टिपण तयार करायचं आहे.

विषय लहान करा, अजून लहान करा

"ई-लर्निंगचा विद्यार्थ्यांच्या संपादणुकीवरील परिणाम" असा मथळा सुचला की तो लगेच खोडा. ई-लर्निंग ही एक वस्तू नाही. वर्गातल्या मोठ्या डिजिटल पॅनलवर अख्ख्या वर्गाला दाखवलेला व्हिडिओ, बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून घरी बघितलेला 'दीक्षा' या सरकारी अ‍ॅपवरचा पाठ, संगणक कक्षात जोडीनं केलेला सराव आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला गृहपाठ या चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातली एक निवडा. एक इयत्ता, एक घटक. "सहावीत असमान छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज शिकवताना पॅनलवरचा व्हिडिओ" एवढा विषय एका शिक्षकाला एका सत्रात पुरून उरतो.

या क्षेत्रातला एक जुना वाद इथे उपयोगी पडतो. १९८३ मध्ये रिचर्ड क्लार्क या अमेरिकन अभ्यासकानं ठामपणे मांडलं की माध्यमामुळे मूल शिकत नाही. माध्यम म्हणजे माल वाहून आणणारा ट्रक, आणि ट्रक बदलला म्हणून खाणाऱ्याचं पोषण बदलत नाही. वाशीच्या मार्केटला रात्रभर लागणाऱ्या गाड्या बघणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. पुढे रॉबर्ट कोझ्मानं त्याला उत्तर दिलं: एका माध्यमात जे करता येतं ते दुसऱ्यात येत नसेल, तर माध्यमाला महत्त्व आहेच. मला दोघांचंही पटतं, आणि त्यातूनच आपला प्रश्न तयार होतो. या व्हिडिओनं असं काय दाखवलं जे मला फळ्यावर दाखवता आलं नसतं? उत्तर "काही नाही" असेल, तर तो व्हिडिओ संशोधनासाठी घेऊच नका, दुसरा शोधा.

पडताळायची खरी गोष्ट: हे कशाच्या जागी आलं?

भारतातच झालेले तीन अभ्यास प्रत्येक शिक्षकाला माहीत असायला हवेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिला वडोदऱ्याचा. २००० च्या सुमारास गुजरात सरकारनं तिथल्या महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. काही वर्षांनी पाहणी झाली तेव्हा लहान वर्गांतली मुलं ते फारच थोड्या ठिकाणी वापरत होती. काही शाळांत संगणक खोक्यांतच कुलूपबंद होते. मग 'प्रथम' संस्थेच्या कार्यक्रमात चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास त्यावर गणिताचे खेळ खेळायला दिले, एका संगणकावर दोन मुलं. त्यातला एक तास शाळेच्या वेळेत आणि एक शाळेआधी किंवा नंतर होता. बॅनर्जी, कोल, डुफ्लो आणि लिंडन यांनी हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. दुसऱ्या वर्षाअखेर गणिताचे गुण ०.४७ प्रमाण विचलनानं वाढले होते (प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप). शिक्षणातल्या प्रयोगांच्या मानानं ही मोठी वाढ आहे. मात्र कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावर तिचा बराचसा भाग ओसरला होता.

दुसरा अभ्यास त्याच लिंडनचा, गुजरातमधल्याच 'ज्ञानशाला' वर्गांतला, २००८ चा. तिथे एकच सॉफ्टवेअर दोन प्रकारे वापरलं. काही ठिकाणी नेहमीच्या शिकवण्याचा वेळ काढून घेऊन मुलांना संगणकावर बसवलं, काही ठिकाणी शाळेव्यतिरिक्तच्या वेळात. जिथे चांगल्या चाललेल्या तासाच्या जागी संगणक आला तिथे मुलं मागे पडली, ०.५७ प्रमाण विचलनानं. जिथे तो जादा वेळात आला तिथे ती ०.२८ नं पुढे गेली. यंत्र तेच, धडे तेच. फरक पडला तो वेळेमुळे.

तिसरा दिल्लीचा, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला. मुरलीधरन, सिंग आणि गॅनिमियन यांनी शाळेनंतरच्या केंद्रांतल्या संगणकीय सरावाचा अभ्यास केला. तिथलं सॉफ्टवेअर मुलाची खरी पातळी ओळखून तिथून सुरुवात करत होतं. सहावीतलं सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे आढळलं. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाची वाढ दिसली.

तिन्ही शेजारी ठेवले की आपल्या शाळेसाठी दोन प्रश्न हाती येतात. डिजिटल तासानं कोणत्या कामाची जागा घेतली? आणि पडद्यावर चाललेलं मुलाच्या पातळीचं आहे की फक्त त्याच्या इयत्तेचं? एवढ्या दोन प्रश्नांची उत्तरं स्वतःच्या वर्गातून प्रामाणिकपणे मिळवलीत, तर धोरण आणि वर्ग यांच्यात हरवलेला दुवा तुम्ही जोडलात असं मी म्हणेन.

धोरण स्वतः वाचा, निदान दोन प्रकरणं

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० वर भाषणं आपण खूप ऐकतो. मूळ मजकूर फार कमी जण उघडतात. त्यातली प्रकरणं २३ आणि २४ तंत्रज्ञान आणि ऑनलाइन शिक्षणाबद्दल आहेत. चोविसाव्यात स्पष्ट म्हटलं आहे की डिजिटल दरी मिटवल्याशिवाय ऑनलाइन शिक्षणाचे फायदे मिळणार नाहीत. त्याच प्रकरणात प्रायोगिक अभ्यास करायला सांगितलं आहे: फायदे काय, तोटे कसे टाळायचे, मुलांना उपकरणाचं व्यसन लागतं का, आशय कोणत्या रूपात आवडतो. ते करणाऱ्या संस्था म्हणून एनआयओएस, इग्नू, आयआयटी अशी नावं आहेत. महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा त्या यादीत दिसत नाही. पण प्रश्न जे विचारलेत ते सगळे आपल्या वर्गातले आहेत. टिपणाच्या पहिल्या परिच्छेदात या कलमाचा उल्लेख करा. मग तुमचं काम एका शिक्षकाची हौस म्हणून बाजूला ठेवणं अवघड जातं. सरकारनंच मागितलेली माहिती तुम्ही देताय, हे वाचणाऱ्याला दिसतं.

रजिस्टर

दोनशे पानी वही घ्या. मोबाईलवरचा फॉर्म नको, तास संपल्यावर दुसरा तास सुरू व्हायच्या आत तो भरून होत नाही. रकाने मोजके ठेवा: तारीख आणि तास, काय लावलं, सुरू व्हायला किती वेळ गेला, प्रत्यक्ष किती मिनिटं चाललं, मध्ये थांबवून प्रश्न विचारला का, या वेळेत एरवी काय झालं असतं, आणि शेवटी मोकळी जागा. नमुन्यादाखल एक ओळ:

"तास ४. असमान छेद, बेरीज. पॅनल सुरू व्हायला ९ मि. चाललं १४ मि. दोनदा थांबवलं. एरवी फळ्यावर चार उदाहरणं झाली असती. दुपारचं ऊन थेट पॅनलवर, मागच्या दोन बाकांना अंश-छेद दिसले नाहीत. छेद समान करताना चित्र बदललं तेव्हा वर्ग एकदम गप्प, मग 'परत लावा' म्हणाले."

या एका ओळीत बघा किती आहे. पस्तीस मिनिटांच्या तासातली नऊ मिनिटं कुठे गेली, ते आहे. मागच्या बाकांचा प्रश्न आशयाचा नसून उजेडाचा आहे, ते आहे. आणि कोझ्मा म्हणतो तशी, फळ्यावर न जमणारी गोष्ट नेमकी कोणत्या क्षणी घडली, तेही आहे. अशा ओळी सत्रभर साठल्या की कोणतंही सर्वेक्षण सांगणार नाही ते तुम्हाला सांगता येतं. "एरवी काय झालं असतं" हा रकाना रिकामा ठेवू नका; ज्ञानशालेच्या अभ्यासातला मुद्दा तोच आहे.

घरच्या फोनबद्दल विचारताना

"घरी स्मार्टफोन आहे का?" हा प्रश्न बाद करा. त्याला सगळे हो म्हणतात. 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या अहवालांत ही संख्या कशी चढली ते दिसतं: शाळेत जाणारी मुलं असलेल्या घरांपैकी २०१८ मध्ये ३६.५ टक्के घरांत स्मार्टफोन होता, २०२२ मध्ये ७४.८ टक्के घरांत. पण असर ग्रामीण भागात होतं. दिघा, तुर्भे, कळवा किंवा मुंब्र्यातलं आपलं मूल त्यात मोजलं जात नाही, म्हणून आपली चौकशी आपणच करायची.

विचारायचं ते कालच्या दिवसाबद्दल. पालक सभेत एका आईशी बोलणं झालं ते असं:

"फोन आहे की मॅडम, मोठा आहे."

"ताई, काल संध्याकाळी सात ते नऊ तो कुणाकडे होता?"

"ह्यांच्याकडंच. सेकंड शिफ्ट होती, रात्री बारा वाजले यायला."

"आणि रविवारी?"

"रविवारी पोरगा घेऊन बसतो. तिच्या हातात कुठं येतोय."

हे बोलणं सातवीतल्या मुलीबद्दल होतं. घरात फोन आहे, दीक्षा आहे, पुस्तकावर क्यूआर कोड आहे, आणि तरी तिच्यापर्यंत काहीच पोचत नाही. असर २०२४ मध्ये १४ ते १६ वयाची जी मुलं स्मार्टफोन वापरू शकतात, त्यांच्यातल्या ३६.२ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण २६.९ टक्के. म्हणून मुलगा आणि मुलगी यांची नोंद कायम वेगळी ठेवा. वापराचंही तसंच: त्याच वयोगटात मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेले ५७ टक्के होते, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के. मुलांना विचारताना "अभ्यास केलास का" म्हणू नका, लगेच हो येतं. "काय बघितलंस, त्यात काय होतं ते सांग" म्हणा.

मोजायचं कसं

दोन तुकड्या असतील तर सगळ्यात सोपी आणि न्याय्य पद्धत ही: असमान छेदांच्या घटकाला 'अ' तुकडीला व्हिडिओ आणि 'ब' ला फळा, पुढच्या घटकाला उलट. कुणालाच वंचित ठेवलं जात नाही, आणि "अ तुकडी मुळातच हुशार आहे" हा आक्षेपही निकालात निघतो. शिकवणारी व्यक्ती दोन्हीकडे एकच असू द्या, नाहीतर मोजाल ते शिक्षकांतलं अंतर.

चाचणी आधी एक, नंतर एक, आणि तिसरी मोठ्या सुट्टीनंतर. ही तिसरी फार जण वगळतात. वडोदऱ्याची वाढ ओसरली हे कळलं, कारण कुणीतरी परत जाऊन बघितलं. दिवाळीआधी घटक संपवा आणि शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात घ्या. प्रश्न तेच नकोत, त्याच अवघडपणाचे हवेत.

प्रश्नांची रचना मी अशी करते: काही उदाहरणं रंगवलेल्या वर्तुळासकट, काही नुसत्या अंकांत, काही शाब्दिक. उदाहरणार्थ, "आईनं अर्धा लिटर दूध चहाला आणि पाव लिटर दह्याला वापरलं, एकूण किती?" व्हिडिओत वर्तुळं असतात, त्यामुळे वर्तुळाचं उदाहरण मूल चटकन सोडवतं आणि दुधाशी अडतं. असं झालं तर मूल चित्र ओळखायला शिकलंय, अपूर्णांक अजून नाही. फक्त एकूण गुण बघितले तर हे झाकलं जातं. चुकलेलं उत्तरही जसंच्या तसं उतरवा. अर्धा अधिक पाव बरोबर दोन षष्ठांश लिहिणाऱ्या मुलानं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलाय. त्याला व्हिडिओ पुन्हा दाखवून उपयोग नाही, त्याच्याशेजारी बसून कागदाची घडी घालायला लावावी लागते.

फक्त कच्च्या मुलांचा गट करून त्यांचीच प्रगती दाखवू नका. एखाद्या दिवशी कमी गुण पडलेली मुलं पुढच्या वेळी काही न करताही थोडी वर येतात, आणि ते श्रेय फुकट पॅनलला जातं. गैरहजर मुलांची यादी वेगळी लावा. गणपतीला कोकणात, मे महिन्याला जोडून गावी, लग्नसराईत आणखी कुठे. आपल्या भागात हा आकडा लहान नसतो, आणि जी मुलं शाळेतच नव्हती त्यांच्यासाठी कोणतं डिजिटल साधन काय करू शकलं असतं, हा धोरणासाठी मोलाचा प्रश्न आहे.

आकडेमोड साधी पुरते. प्रत्येक मुलाची आधीची आणि नंतरची वजाबाकी, मग तुकडीची सरासरी. साठ-सत्तर मुलांच्या माहितीवर राज्याबद्दल बोलू नका. "आमच्या शाळेत असं दिसलं" एवढंच लिहा. त्याला पुरेसं वजन असतं.

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांची संमती आधीच घ्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्येही १८ वर्षांखालच्या मुलाच्या डिजिटल माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. वहीत नावं नकोत, क्रमांक घाला. मुलांचे फोटो ग्रुपवर टाकू नका.

कंपनीचा माणूस आला तर

अ‍ॅप किंवा पॅनल विकायला येणारे "गुणवत्तेत वाढ" दाखवणारे आलेख आणतात. त्यांना शांतपणे विचारा: तुलना कुणाशी केली, चाचणी कुणी तयार केली, आणि ज्या मुलांनी मध्येच सोडलं ती मोजलीत का? युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात नोंद आहे की ब्रिटनमध्ये अशा कंपन्यांपैकी अवघ्या ७ टक्क्यांनी यादृच्छिक चाचणीनं, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून, आपलं उत्पादन तपासलं होतं. तुमच्या रजिस्टरातली माहिती पुष्कळदा त्यांच्या आलेखापेक्षा भरवशाची असते.

दोन पानं, कुणासाठी आणि केव्हा

टिपण लिहिताना ते वाचणाऱ्या माणसाच्या हातात काय आहे ते आधी बघा. शाळा व्यवस्थापन समितीला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ आणि २२ नं शाळा विकास आराखडा करायचा अधिकार दिलाय. म्हणजे वेळापत्रक, संगणक कक्ष उघडा ठेवण्याची वेळ, किरकोळ दुरुस्ती या गोष्टी तिथे मांडता येतात. केंद्रप्रमुख तुमचं काम शिक्षण परिषदेत ठेवू शकतात. प्रशिक्षणाबद्दल काही सांगायचं असेल तर डाएटकडे, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे जा. पैसे लागणार असतील तर महापालिकेचा शिक्षण विभाग, आणि तेही अंदाजपत्रकाच्या आधी. फेब्रुवारीत अंदाजपत्रक मांडायची वेळ आली की मागण्या केव्हाच गोळा झालेल्या असतात. डिसेंबरच्या आत पोचवा. म्हणूनच पहिल्या सत्रात माहिती गोळा करून दिवाळीनंतरची चाचणी झाली की लगेच लिहायला बसायचं.

पहिल्या पानावर प्रश्न, धोरणातलं कलम, काय केलं आणि काय दिसलं. दुसऱ्यावर एकच मागणी. पाच मागण्या लिहिल्या की एकही होत नाही. "दर तासाला सरासरी इतकी मिनिटं पॅनल सुरू होण्यात जातात आणि दुपारी मागच्या बाकांना दिसत नाही, म्हणून नवीन पॅनलआधी खिडक्यांना जाड पडदे आणि देखभालीचा करार हवा" अशी मागणी मान्य करायला अधिकाऱ्यालाही सोपी जाते, कारण ती स्वस्त आहे आणि तिच्यामागे नोंदी आहेत. किंवा: "ज्यांच्या हाती फोन येत नाही अशा मुलींसाठी संगणक कक्ष शाळा सुटल्यावर तासभर उघडा ठेवावा." दिल्लीचा आणि ज्ञानशालेचा अभ्यास जादा वेळेच्या बाजूचे आहेत, ते इथे एका ओळीत जोडा.

फरक काहीच दिसला नाही तरी टिपण द्या. फरक न दिसणं हीसुद्धा माहिती आहे, आणि तिच्यावरून पुढच्या शाळेचा खर्च वाचू शकतो.

मदत हवी असेल तर आपण नशीबवान भागात राहतो. वाशीहून खाडी ओलांडली की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, पलीकडे देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था (टिस), पवईला आयआयटीत शैक्षणिक तंत्रज्ञानावर पीएच.डी. करणारे विद्यार्थी. तयारीनिशी, आपली वही घेऊन आणि एक नेमका प्रश्न घेऊन जा. आधीचे प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. लिहून झालेलं 'जीवन शिक्षण' मासिकाकडे मराठीत पाठवा.

टिपणाची एक प्रत समितीच्या सभेत पालकांना वाचून दाखवा, तांत्रिक शब्द गाळून. त्यांच्या घरची माहिती घेऊन आपण लिहिलंय, त्यांना ते ऐकायचा हक्क आहे, आणि चुकीचं काही असेल तर तिथेच दुरुस्त होतं. रजिस्टर मात्र मुख्याध्यापकांकडे जमा करा, दप्तराच्या यादीत त्याची नोंद करून. तुमची बदली झाली तर पुढच्या शिक्षकाला तिथूनच सुरुवात करता येईल.